जहूरच्या रिलीजचे प्रकरण

वाचकहो, कतार देशी अल वक्रा या गावी, विश्वचषकाचे मैदान नुकतेच उघडले होते त्या उन्हाळ्यात, 'वक्रतुंड क्रिकेट संघा'साठी एक वेगवान गोलंदाज मिळवण्याचा उद्योग कसा आरंभला गेला, त्यापायी त्या गोलंदाजाची नोकरी कशी जाऊ पाहत होती, आणि अखेरीस काय घडले, ही हकीकत मी पुढे क्रमाने निवेदन करणार आहे. या प्रकरणी दोह्यातील मराठी मंडळींत उठलेल्या आवया माझ्या कानी आल्या आहेत. "गायखेंनी एका कष्टकरी माणसाला गोत्यात आणले" असे म्हणणारे आहेत. "गायखेंना कोणी सांगितले होते?" असे विचारणारे त्याहून अधिक आहेत. उभय पक्षांस मी नम्रतेने कळवतो की मला पश्चात्ताप झालेला नाही, आणि ज्यांना तो वाचायचा असेल त्यांनी येथेच थांबावे.

प्रथम संघाविषयी. गावाचे नाव वक्रा. तेथे मराठी माणसाने संघाचे नाव वक्रतुंड ठेवले नसते तरच नवल. दोह्यातील मदिनत खलीफा या वस्तीतले लोक आम्हांला 'वाकडतोंडे' म्हणतात. त्यांच्या स्वतःच्या संघाचे नाव 'मदिनत मावळे'. ज्यांच्या व्हिलात दुसऱ्या मजल्यावर जाण्यासाठी लिफ्ट आहे, त्यांनी स्वतःस मावळे म्हणवून घ्यावे, यावर मी भाष्य करीत नाही.

मी खेळाडू नाही. हमद पोर्टवर जहाजावरचे कंटेनर सळयांनी आवळून बांधणारी जी टोळी असते, तिचा मी फोरमन आहे. त्या कामाने खांद्याची अशी अवस्था होते की चेंडू फेकल्यास चेंडूआधी खांदाच यष्टीरक्षकाकडे जाईल. मी समर्थक आहे. समर्थकाचे कष्ट लोकांच्या ध्यानात येत नाहीत. खेळाडू हिवाळ्यात खेळतो आणि मोकळा होतो. समर्थकाला बारा महिने खेळावे लागते. येथील उन्हाळ्यात मैदानावर उभे राहिलेला माणूस बाद होण्यापूर्वीच वितळतो, तेव्हा त्या चार महिन्यांत जे काही क्रिकेट होते ते तोंडाने होते. आमचे तोंडी क्रिकेट वक्रा बाजाराजवळच्या करक चहाच्या दुकानात चालते. दुकानदार मल्याळी असून त्याला मराठी येत नाही, ही त्याची पुण्याई.

उन्हाळा हाच खेळाडू जोडण्या-तोडण्याचा काळ. कोणाचे कॉन्ट्रॅक्ट संपते, कोणाचा प्रकल्प संपतो, कोणाचे लग्न होते आणि पत्नीच्या आज्ञेने खेळ संपतो. रिकाम्या झालेल्या जागी कोणाला आणावे, यावर त्या वर्षी आमच्यात दोन तट पडले. गेल्या हंगामात आम्ही शेवटून पहिले आलो होतो, त्यामुळे विषय गंभीर होता.

पहिल्या तटाचा म्होरक्या मधु. हा एसी दुरुस्तीचे काम करतो, आणि उन्हाळ्यात त्याला दोह्याच्या अमीर-उमरावांहून अधिक मान असल्याने त्याचा आवाज चढलेला असतो. त्याला स्वानंद नावाचा आयटीतला एक तरुण फलंदाज हवा होता.

"गाडी आहे त्याच्याकडं," मधु म्हणाला. "सात सीटर. अर्धा संघ एका खेपेत मैदानावर. तुमच्या जहूरला तर आणायलाच एक माणूस लागंल."

"गाडी फलंदाजी करते काय?" मी विचारले.

"आपली बॅटिंग बघता, क्रीजवर नुसती गाडी उभी केली तरी जास्त टिकंल."

हशा झाला. मी हसलो नाही. माझ्या वरच्या मजल्यावर राहणारे गोविंदराव, जे एका तेल कंपनीत हिशेबनीस आहेत आणि ज्यांना प्रत्येक विषयात एक साडू आहे, त्यांनी बशीत करक ओतत निर्णय दिला, "संपतराव, फलंदाज म्हणजे उत्पन्न आणि गोलंदाज म्हणजे खर्च. आधी उत्पन्न बघावं. माझ्या साडूनं सोलापुरात संघ काढला होता, सगळे गोलंदाज भरले. बुडाला."

"साडू की संघ?"

"दोघंही."

माझा पक्ष जहूरचा होता. जहूर दापोलीकडचा, परांची बांधण्याच्या, म्हणजे ज्याला येथे स्कॅफोल्डिंग म्हणतात त्या कामातला, आणि खेळायचा मदिनत मावळ्यांकडून. डोक्याला जेल, डोळ्यांना काळा चष्मा, चालण्यात असा तोरा की जणू मैदान त्यानेच बांधले. आणि बांधलेही होते. नव्या मैदानाच्या छताखालच्या परांचीत त्याचा हात होता. गेल्या हंगामात त्याचा एक चेंडू आमच्या कप्तानाच्या हेल्मेटला लागून थेट तंबूत, माझ्या गुडघ्यावर येऊन आदळला. इतर लोक शिव्या देत असता मी लंगडत उठलो आणि टाळ्या वाजवल्या. गुण जेथे दिसेल तेथे वंदावा, मग तो गुडघ्यावर का दिसेना.

असा वाद कित्येक आठवडे चालला. मग एके शुक्रवारी मधु न्हाव्याकडून अर्धी दाढी करून धावत आला आणि दुकानाच्या दारातूनच ओरडला, "भाऊ, तुमचा जहूर फ्री झालाय!"

वाचकहो, या एका 'फ्री' शब्दाने पुढचा सर्व अनर्थ केला. आखाती देशांत माणूस अनेक प्रकारे फ्री होतो. संघातून फ्री होतो, ड्युटीतून फ्री होतो, आणि कंपनीतून फ्री झाला तर विमानात बसतो. न्हाव्याला यांपैकी कोणता अर्थ अभिप्रेत होता हे मधुने विचारले नाही, कारण त्याची उरलेली अर्धी दाढी व्हायची होती. मी अर्थ घेतला तो क्रिकेटचा. कोणताही सच्चा समर्थक तोच घेईल.

आमच्या लीगचा नियम असा की दुसऱ्या संघाचा खेळाडू घ्यायचा तर जुन्या संघाने त्याचे रिलीज दिले पाहिजे. मावळ्यांचे व्यवस्थापक देवव्रत साहेब, मूळचे पुण्याचे, प्रकल्प अभियंता. मी ठरवले की हे काम निरोपा-निरोपीने न करता समक्ष जाऊन, सन्मानाने करायचे. लग्नातला कोट काढला. माझी पत्नी आसावरी परिचारिका आहे. तिने मला आपादमस्तक न्याहाळले.

"या उन्हात कोट? तुम्ही बोलर आणायला चाललात की मुलगी बघायला?"

"प्रसंगाचं गांभीर्य असतं."

"उष्माघाताचंही असतं. माझ्या वॉर्डात आणू नका म्हणजे झालं."

आमची कन्या ईश्वरी इंग्रजी शाळेत शिकते. तिला मराठी सर्व समजते, परंतु उत्तर ती आपल्या शाळेच्या भाषेत देते. ती म्हणाली, "बाबा, प्लीज डोन्ट गिव्ह अ स्पीच." माझ्या घरात माझ्याविषयी हे असे मत आहे. मेट्रो त्या वर्षी नुकतीच वक्र्यापर्यंत आली होती, तीत बसून मी निघालो.

देवव्रत साहेबांच्या दिवाणखान्यात इतका गारवा होता की कोट सार्थकी लागला. साहेब सोफ्यावर बसून फोनवर बोटे चालवत होते. समोर पुण्याहून आलेल्या चकल्यांचे ताट.

"बोला संपतराव, काय काम काढलंत?" मान वर न करता ते म्हणाले.

मी उभ्यानेच आरंभ केला, "मान्यवर, क्रीडेच्या क्षेत्रात गुणांचे आदानप्रदान हे थोर संस्कृतीचे..."

"शॉर्टमध्ये सांगा ना, प्लीज. माझा कॉल आहे आत्ता."

"जहूरचं रिलीज हवं आहे."

"कोण जहूर? अच्छा, तो बोलर. यू पीपल पण ना! भर जूनमध्ये बोलर शोधताय!"

'यू पीपल' म्हणजे काय हे मला समजते. बंदरावर गोरे साहेब ते रोज म्हणतात, आणि तेथे मी ते सळईबरोबर आवळून टाकतो. पण मराठी माणसाने, मराठी माणसाला, चकलीच्या ताटासमोर ते म्हणावे हा अनुभव नवा होता. मी तो गिळला, कारण संघाचे हित समोर होते. मी स्पष्ट विचारले, "तर मग साहेब, आम्ही घेऊ ना?"

साहेबांनी फोनवरची नजर न काढता ताट माझ्याकडे सरकवले. "घ्या ना, घ्या. विचारताय काय? तुमचंच आहे."

मी दोन्ही हात जोडले, उपचार म्हणून एक चकली घेतली आणि बाहेर पडलो. पुढे देवव्रत साहेबांनी सर्वत्र सांगितले की ते वाक्य चकलीस उद्देशून होते. माझे दहावीशी जमले नाही हे सर्वांना ठाऊक आहे, पण मराठी व्याकरणात मी कधी मार खाल्लेला नाही. चकली स्त्रीलिंगी आहे. चकलीविषयी बोलायचे तर 'तुमचीच आहे' म्हणावे लागते. जहूर पुल्लिंगी आहे, तेथे 'तुमचाच आहे' हवे. साहेबांनी नपुंसकलिंग वापरले. व्याकरण ज्या ठिकाणी तटस्थ राहते, त्या ठिकाणी ऐकणाऱ्याने स्वतःच्या संघाच्या बाजूने अर्थ काढणे हा गुन्हा होऊ शकत नाही.

मेट्रोतच मी आमच्या समर्थकांच्या गटावर ध्वनिसंदेश टाकला. संघात बिहारी आणि मल्याळी बंधूही असल्याने तो राष्ट्रभाषेत दिला. त्याचा मजकूर असा: "सभी भाइयों को सूचित किया जाता है कि जहूर भाई का रिलीज हो गया है. उन्होंने खलीफावालों को छोड़ दिया है. पुराना कॉन्ट्रॅक्ट खलास. अब उनकी स्पॉन्सर बिलकिस आपा हैं." बिलकिस आपांचे वक्र्यात बिर्याणीचे हॉटेल आहे आणि आमच्या संघाचे शर्ट त्याच देतात, म्हणून त्यांचा कृतज्ञतापूर्वक उल्लेख केला. कृतज्ञता अंगाशी येते हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

संदेशास अंगठ्यांचा पाऊस पडला. मधुने सुद्धा अंगठा दिला. त्या रात्री मी विजयी वीरासारखा झोपलो.

ध्वनिसंदेशाला पाय नसतात, पण पंख असतात. आमच्या गटातून तो कोणीतरी जहूरच्या कामगार-कॅम्पवर धाडला, कॅम्पवरून टाइमकीपरकडे, आणि टाइमकीपरकडून कंपनीच्या मंदूबकडे गेला. मंदूब म्हणजे कंपनीच्या माणसांची सरकारी कागदपत्रे हाताळणारा अधिकारी. तो रुसला तर माणूस देशात असून नसल्यासारखा होतो.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी जहूर माझ्या दारात उभा. काळा चष्मा कपाळावर, जेल लावलेले केस विस्कटलेले.

"भाऊ," तो म्हणाला, "माझा रिलीज तुमी केलात?"

"अभिनंदन!" मी म्हणालो. "ये, आत ये."

"कसलं अभिनंदन! माझी आयडी रिन्यू होणार होती. मैदानाचं काम सरलं, आता दुसऱ्या स्टेडियमवर पाठवणार होते. मंदूबनं तुमचा आवाज ऐकला नि फाइल बाजूला टाकली. म्हणतो, तू बिलकिसच्या हॉटेलात पळालास. उद्यापर्यंत खुलासा कर, नायतर फरारचा रिपोर्ट."

तेव्हा माझ्या ध्यानात आले की न्हाव्याचे 'फ्री' म्हणजे केवळ जुन्या साइटवरून मोकळा, एवढेच होते.

"घाबरू नकोस," मी म्हणालो.

"मी घाबरत नाय. पण त्या छताखाली मी दोन उन्हाळे लटकलोय, भाऊ. वर्ल्ड कप झाला की आपण जाऊ घरी. पण त्याआधी एक मॅच त्या छताखाली बसून बघायचीय. माझ्या पैशानं तिकीट काढून. तेवढं झालं की हाकला."

आतून आसावरी म्हणाली, "भाषण हवं होतं ना? द्या आता मंदूबला." मग तिने जहूरपुढे पोह्यांची बशी ठेवली आणि माझ्यापुढे ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी, जहूर आणि स्वतःहून सोबत आलेले गोविंदराव असे कंपनीच्या कचेरीत गेलो. गोविंदरावांच्या म्हणण्याप्रमाणे कामगार कायद्यात त्यांचा साडू तज्ज्ञ होता. मंदूब हा उंच, शांत, इजिप्तकडचा गृहस्थ. त्याच्या शांतपणात काही तरी भयंकर होते. त्याने माझाच आवाज मला फोनवर वाजवून दाखवला. माझा आवाज असा येतो हे मला माहीत नव्हते.

"ये तुम?" त्याने विचारले. आखातातल्या साऱ्या देशांचे लोक जी हिंदी बोलतात, ती तो बोलत होता.

"जी, मैं."

"तुम इस नफर का रिलीज किया?" जहूरकडे बोट करून तो म्हणाला.

"जी. पर वह रिलीज नहीं. खेल का रिलीज."

"रिलीज एक है. मिनिस्ट्री देता. तुम मिनिस्ट्री?"

मी नाही म्हणालो. गोविंदराव माझ्या कानाशी लागले, "फुटबॉलची उपमा द्या. ट्रान्सफर म्हणा. त्यांना लगेच कळेल."

"साहब," मी म्हणालो, "फुटबॉल के माफिक. यह सिर्फ ट्रान्सफर है."

मंदूबच्या भुवया वर गेल्या. "ट्रान्सफर भी किया!"

"क्लब के लिए, साहब. सायनिंग."

"साइन भी किया!"

"नहीं साहब, कॉन्ट्रॅक्ट कोई बडा नहीं," गोविंदराव मध्ये पडले, "सिर्फ एक सीझन का."

मंदूबने शांतपणे लिहून घेतले: एका हंगामाचे कॉन्ट्रॅक्ट.

वाचकहो, त्या क्षणी मला जे उमगले ते मी सर्व क्रीडारसिकांच्या विचारार्थ मांडतो. रिलीज, ट्रान्सफर, साइन, कॉन्ट्रॅक्ट, स्पॉन्सर. खेळातील जेवढे म्हणून थोर शब्द आहेत ते सर्व लेबर ऑफिसचेही शब्द आहेत. खेळाने ते तेथून उचलले की लेबर ऑफिसने खेळातून, हे मी सांगू शकत नाही. परंतु या देशात त्यांतला कोणताही एक शब्द उच्चारला की खेळाडू मैदानात जात नाही, विमानतळावर जातो.

"नया कफील कौन?" मंदूबने विचारले.

"कफील नहीं साहब, स्पॉन्सर."

मंदूबने माझ्याकडे दयेने पाहिले. कफील या अरबी शब्दाचा इंग्रजी अर्थ स्पॉन्सर हाच होतो, हे मला गोविंदरावांनी नंतर सांगितले. आधी सांगितले असते तर त्यांचे काय जाणार होते?

मग बिलकिस आपांना फोन लागला. आपा भटारखान्यात होत्या, मागे कढया वाजत होत्या.

"ये जहूर तुमारा पास काम करता?"

"अरे कैसा काम? मैं तो सिर्फ शर्ट देती हूँ!"

"युनिफॉर्म दिया," मंदूब लिहिता लिहिता म्हणाला. "खाना?"

"खाना तो देतीच. पोरं दमून येतात."

"युनिफॉर्म, खाना." त्याने लेखणी खाली ठेवली. "बाकी क्या? खलास."

आता जहूरचा संयम सुटला. "साहब, मैं बोलर हूँ! दिखाता हूँ!" असे म्हणून तो धाव घेण्यासाठी मागे मागे सरकू लागला. त्याची धाव लांब आहे, हाच त्याचा गुण. तो दारापर्यंत गेला, दाराबाहेर गेला, बोळाच्या टोकाला दिसेनासा झाला. मंदूब खुर्चीतून उठून ओरडला, "फरार! फरार!" आणि पहारेकऱ्याला हाका मारू लागला. तेवढ्यात जहूर बोळातून वाऱ्यासारखा धावत आत आला, टेबलावरचा कागदी पेला उचलून हात गरकन फिरवला, आणि तो मंदूबच्या डोक्यावरून मागल्या कपाटावर आदळला. पेला रिकामा होता, हे परमेश्वराचे उपकार.

मंदूब सावकाश खाली बसला. त्याच्या चेहऱ्यावर प्रथमच कुतूहल दिसले. "हादा क्रिकेट?" त्याने विचारले.

"हेच ते!" आम्ही तिघे मराठीतच ओरडलो.

"अच्छा. तो ये खलीफावाला कौन? तुम बोला, खलीफावालों को छोड दिया. उसको फोन करो."

देवव्रत साहेबांना फोन लागला. मंदूबने आवाज मोठा केला. साहेब प्रथम माझाच आवाज ऐकून तापले.

"संपतराव, तुमच्या त्या व्हॉइस नोटमुळे मला किती लोकांचे फोन आले माहितीये? आय नेव्हर रिलीज्ड हिम! मी चकली घ्या म्हणालो होतो! ही इज माय मॅन!"

मंदूब पुढे वाकला. त्याचा स्वर एकाएकी फार मृदू झाला. "साहब, अस्सलामु अलैकुम. मैं कंपनी का मंदूब. ये जहूर तुमारा आदमी? तुमारा पास किदर काम करता? परमिट है? हमारा कंपनी का नफर तुम कैसा रखा?"

दुसऱ्या कंपनीचा माणूस आपल्याकडे ठेवण्याचा या देशात काय अर्थ होतो, हे प्रकल्प अभियंत्याला सांगावे लागत नाही.

"नो, नो," साहेब म्हणाले. "मिसअंडरस्टँडिंग. नॉट माय मॅन. बिलकुल नाही. मेरा आदमी नहीं है. कभी नहीं था."

गोविंदरावांनी आनंदाने माझ्या बरगडीत कोपर मारले. "ऐकलंत? रिलीज! स्पीकरवर!" मीही ऐकले होते. संपूर्ण उन्हाळ्याचे तोंडी क्रिकेट त्या एका वाक्यात जिंकले गेले होते. मी काही बोलणार, तोच मंदूबने माझ्याकडे मान वळवली.

"और तुमारा?"

वाचकहो, येथे मी थोडा थांबतो. जहूर माझ्या शेजारी उभा होता. ज्या माणसासाठी मी मित्रांशी भांडलो, यू पीपल ऐकून घेतले, कोटात घाम गाळला, त्याच्या समोर मला उत्तर द्यायचे होते. 'हमारा' म्हणालो असतो तर वक्रतुंडाला गोलंदाज मिळाला असता आणि गोलंदाजाला विमान. जहूर माझ्याकडे पाहत नव्हता. तो कपाटाखाली पडलेल्या पेल्याकडे पाहत होता.

"नहीं," मी म्हणालो. "हमारा भी नहीं."

"पक्का?"

"पक्का. शब्द देतो." शब्द मराठीत दिला, कारण मी तो दुसऱ्या भाषेत कधी दिलेला नाही.

मंदूबने जहूरला विचारले, "तुम किसका?"

जहूरने चष्मा डोळ्यांवर चढवला. "कागद पे कंपनी का, साहब. बाकी अपना."

मंदूबने फाइल पुढे ओढली, शिक्का मारला आणि म्हणाला, "जुम्मा को खेलो, मुश्किल नहीं. लेकिन रिलीज मत बोलो. बोलो, बॉल खेला. यल्ला, जाओ."

बाहेर आल्यावर उन्हाने तोंडात मारल्यासारखे झाले. मी कोट काढून खांद्यावर टाकला आणि जहूरला सांगितले, "मी शब्द दिला आहे. आता तुला आमच्याकडे ये असं मी म्हणणार नाही. कोणाला म्हणूही देणार नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि कंपनीच्या बसकडे निघून गेला. आभार मानले नाहीत. मला ते आवडले. आभार मानणारा वेगवान गोलंदाज मी आजवर पाहिलेला नाही.

यानंतर करक दुकानात जो गदारोळ झाला तो वर्णनातीत आहे. मधु म्हणाला, "मिळालेला बोलर घालवला, असा समर्थक जगात नसंल!" मी उत्तर दिले की मिळवणे आणि घालवणे या दोन्ही क्रिया निर्जीव वस्तूंच्या बाबतीत वापराव्यात. गोविंदरावांनी मत दिले की स्पीकरवरचे विधान पुरावा म्हणून ग्राह्य आहे आणि जहूरला एक फोन करायला हरकत नाही. मी बजावले की जो कोणी जहूरला फोन करील त्याने आधी माझ्याशी संबंध तोडावेत. काही जणांनी ती अट आनंदाने स्वीकारू पाहिली. मी बधलो नाही. तिकडे देवव्रत साहेब जहूरला नव्या बुटांचे आमिष दाखवत असल्याची बातमी आली. 'कभी नहीं था' असे ज्याच्याविषयी म्हटले, त्याच्या पायाचे माप ते विचारत होते. मी तरीही गप्प राहिलो. दिलेल्या शब्दाला उन्हाळी सुट्टी नसते. स्वानंदला आम्ही घेतले. त्याची गाडी खरोखरच सात सीटर निघाली आणि गेले अख्खे वर्ष संघात जी शिस्त नव्हती ती आसनव्यवस्थेमुळे आली, हे मला मान्य करावे लागेल, पण मधुसमोर मी ते कधी करणार नाही.

हवा पालटली. सरावाचा पहिला शुक्रवार उजाडला. कोणी जाळी बांधत होते, कोणी पोट आत ओढून धावत होते. मी खुर्ची टाकून, गुडघ्यावर हात ठेवून बसलो होतो, आणि आमच्या नव्या गोलंदाजाकडे, म्हणजे गोलंदाजी येत नसताना नाइलाजाने चेंडू हाती घेतलेल्या मधुकडे, खिन्नपणे पाहत होतो. तेवढ्यात मेट्रोच्या बाजूने एक काळा चष्मा येताना दिसला. खांद्यावर पिशवी, पायात जुनेच बूट.

सगळे जण सराव थांबवून माझ्याकडे पाहू लागले. मधुने दोन्ही हात वर केले. "मी न्हाय हो! आईशप्पथ, मी फोन केला न्हाय!"

जहूर माझ्या खुर्चीपुढे येऊन उभा राहिला.

"तुला कोणी बोलावलं?" मी कठोरपणे विचारले. आवाज थोडा फुटला असेल तर त्यास धूळ कारण आहे.

"कोणी नाय," तो म्हणाला. "म्हणून तर आलो."

मग त्याने मधुच्या हातातून चेंडू काढून घेतला आणि धाव मोजायला मागे मागे सरकू लागला. या वेळी त्याला फरार म्हणणारे कोणी नव्हते. मी खिशातून फोन काढला. आमच्या गटावर माझे संदेश दीर्घ असतात असा प्रवाद आहे, आणि तो खराही आहे. त्या सायंकाळी मात्र मी दोनच शब्द लिहिले. त्यांत रिलीज नव्हते, ट्रान्सफर नव्हते, कोणाचा कोणावर हक्क नव्हता, आणि त्यात व्याकरण कोणाला चुकवता येणार नाही असे शुद्ध पुल्लिंग होते.

"जहूर आला."

येथवर सोबत चाललेल्या सर्व वाचकांचा मी मनःपूर्वक ऋणी आहे. ज्यांना यात माझा दोष आढळला असेल त्यांनीही वाचण्याचे कष्ट घेतले, सबब त्यांचेही आभार. दोष मात्र मी परत करतो.

आपला,
संपत निवृत्ती गायखे
अल वक्रा, कतार